बशीखालचा ग्लास

अहो,

मी कामावर चालले. काल तुमच्या भावाने भरून दिलेला ग्लास अर्धा तसाच राहिलाय. इतक्या वर्षांत तुम्ही थेंब उरू दिला नाहीत, म्हणजे दुसरीकडे आधीच ढोसली असणार! सकाळी बाटलीसाठी बुटांची खोकी, गाद्यांखाली, फ्लशची टाकी, सगळं धुंडाळलं. सापडली फक्त डॉक्टरांनी दिलेल्या, दारूची ओढ कमी करणाऱ्या गोळ्यांची पट्टी, तीही कालची गोळी घेतलेली. ‘आता किती प्यायची, कधी थांबायचं, ते त्यांच्या हातात,’ असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा मी हसले होते.

ग्लास ओतलेला नाही. वर बशी झाकून चमचा आडवा ठेवलाय, हलला तर मला कळेल.

आणि डॉक्टरांना विचारा, बायकोची शोधायची सवय सुटेल अशी काही गोळी आहे का.