तुझं हेल्मेट आणि माझा अंबाडा

चि. सूनबाईस,

अनेक आशीर्वाद. (घटस्फोटानंतर सुनेला पत्रात काय म्हणायचं, हे मी शेजारच्या वकीलबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, कायद्यात तशी तरतूद नाही. म्हणजे मनाईही नाही.) नव्या गावचं पाणी मानवलं का? खोकला गेला का? इकडे सगळं ठीक.

तर झालं असं, की जळमटं काढताना माळ्यावर तुझं घोड्यावर बसायचं हेल्मेट सापडलं. चिरंजीव म्हणाले, "देऊन टाक कुणाला तरी." मी म्हटलं, जिची वस्तू तिला, आणि पिशवीत घालून थेट तुझ्या घोडेस्वारीच्या शाळेत गेले. तिथले मिशीवाले मास्तर म्हणाले, बाई तर गेल्याच महिन्यात दुसऱ्या गावी गेल्या. (मला कुणी सांगितलं नव्हतं. असो. हा पत्ताही त्यांच्याकडूनच घेतला.) माझा चेहरा बघून त्यांनी विचारलं, "आजी, अजून काही काम होतं का?" आता इतक्या लांब येऊन नुसतंच परत फिरायचं माझ्या जिवावर आलं होतं. तोंडून निघून गेलं, "हो. मला शिकायचंय."

हेल्मेटशिवाय घोड्याला हातसुद्धा लावू देणार नाही, म्हणाले. मी ऐटीत तुझं काढलं, तर अंबाड्यामुळे ते डोक्यावर बसेचना. उतू जाणाऱ्या दुधावरच्या झाकणासारखं डुगडुगत राहिलं. शेवटी अंबाडा सोडून तबेल्याच्या दारात वेणी घालावी लागली. (माझा हात मोडला होता तेव्हा तू रोज घालायचीस, आणि इतकी घट्ट, की माझ्या भुवया दिवसभर वर चढलेल्या असायच्या. लोकांना वाटायचं, मला कसलंतरी आश्चर्य वाटतंय. मला तशी वेणी अजून जमत नाही.) मग मास्तर आणि तबेल्यातला पोऱ्या, अशा दोघांनी खालून रेटून मला तुझ्या त्या म्हाताऱ्या पांढऱ्या घोडीवर चढवलं. पोतं चढवतानासुद्धा माणसं याहून बरं बोलतात.

घोडी चार पावलं चालली आणि कुंपणाच्या कोपऱ्यात जाऊन थांबली. मास्तर म्हणाले, बाई तिला तिथे गाजर द्यायच्या. तिने मान वळवून माझा गुडघा हुंगला. माझ्याकडे खोकल्याच्या गोळ्यांशिवाय काही नव्हतं. मास्तर ओरडत होते, टाच मारा, टाच मारा! मी नाही मारली. तिला वाट बघायची होती, मलाही काही घाई नव्हती.

मग तिने नाद सोडला आणि गर्रकन वळली. मी वळले नाही. कुंपणाच्या खांबावर टाळकं आपटलं. हेल्मेटला ही एवढी चीर गेली, डोक्याला काही नाही. मी मातीत बसूनच म्हटलं, तिला रागावू नका. घरी आल्यावर चिरंजीवांनी "कुठे होतीस?" एवढंच विचारलं. मग हेल्मेटवरची माती पुसत बराच वेळ बसले होते.

तुझी,
आई

ता. क. मास्तर म्हणतात, एकदा मार बसलेलं हेल्मेट पुन्हा वापरायचं नाही, नवीनच घ्यायचं. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. एखाद्या रविवारी येऊन निवडून देशील का? चिरंजीव रविवारी दिवसभर बाहेर असतात.

आणखी ता. क. मास्तरांनी फीत लावून माझ्या डोक्याचं माप घेतलंय, कोणतं घ्यायचं तेही लिहून दिलंय. दुकान आपल्या गल्लीच्या तोंडाशीच आहे. तरी ये.