मी बुजवलेल्या फटी

आबा,

मी जर्मनीत आहे हे तुम्हाला ठाऊक असायचं काही कारण नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी तेरा वर्षांची होते आणि आपल्या घरात सातवीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. पुढे मी मॅट्रिक झाले, सांगलीला बी.एस्सी. केलं, पुण्याला एम.एस्सी. केलं आणि आता शिष्यवृत्तीवर म्युनिकच्या विद्यापीठात संशोधन करते. घरातली ऊब भिंतींतून आणि छपरातून किती निसटते ते मोजायचं, हे माझं काम. तुम्ही हसला असता. ‘ऊब मोजाया येवढ्या लांब?’ म्हणाला असता. पण मग शेजारच्या चार घरी जाऊन हेच अभिमानाने सांगितलं असतं, हेही मला माहीत आहे.

मी गार्चिंगच्या पलीकडे एका खेड्यात एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी भाड्याने राहते. त्या मला फ्रॉयलाइन, म्हणजे कुमारी, म्हणतात, मी तोंडाने फ्राउ, म्हणजे बाई, म्हणते आणि मनात आजी. त्यांचा नवरा युद्धाआधी गेला आणि मुलगा युद्धात. घर दीडशे वर्षांचं. छपराला दोन्ही बाजूंनी खूप उतार, त्याच्याखाली पोटमाळा, आणि माळ्याची जमीन म्हणजे खालच्या खोल्यांचं छत. ते छत नुसत्या फळ्यांचं, आणि फळ्या सुकून आकसलेल्या. खाली स्वयंपाकघरात कोळशाच्या विटांची शेगडी दिवसभर पेटलेली असते आणि तिची ऊब त्या फटींतून सरळ वर जाते. गेल्या हिवाळ्यात आजी ओव्हरकोट घालून बटाटे सोलायच्या. ह्या हिवाळ्यात तर बादलीतलं पाणी घरातच गोठायला लागलं.

शिकलेल्या माणसाने आपलं शिक्षण आधी शेजारच्या घरी उपयोगाला आणावं, असं माझं पक्कं मत आहे. पुण्यात मैत्रिणी ह्यावरून माझी थट्टा करायच्या. मी आजींना म्हटलं, मला चार दिवस द्या, मी तुमचा माळा बंद करून देते. संस्थेत प्रयोगांतून उरलेले काचेच्या लोकरीचे गुंडाळे होते, ते विचारून आणले. तोंडाला रुमाल बांधून मी माळ्यावर चढले. फळ्यांच्या फटींत अंबाडीचे धागे ठासले, वरून लुकण भरलं, जिथे लुकण टिकेना तिथे कणकेच्या खळीने जुन्या वर्तमानपत्रांच्या पट्ट्या चिकटवल्या. मग सगळ्यावर लोकर अंथरली. कुठून वारा येतो ते शोधायला आईने पार्सलमधून पाठवलेल्या उदबत्त्या लावल्या. धूर ज्या बाजूला ओढला जाई तिथे फट. आजी खालून ओरडायच्या, “फ्रॉयलाइन, घर पेटवू नकोस, विमा फार थोडा आहे!”

आबा, ते काम करताना मी फार सुखात होते. कारण ते तुमचं काम होतं. नदीकाठच्या त्या पेवांवर तुम्ही मला घेऊन जायचात. वर जमिनीत माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड आणि खाली दोन पुरुष खोल, भोपळ्यासारखं पोट. तळाला आणि कडेने उसाचं पाचट, चटया, आणि मग व्यापाऱ्याची हळद पोत्यापोत्याने आत. तोंडावर फरशी बसवली की तुम्ही चिखल लिंपायचात. मग माझा तळहात धरून त्या ओल्या सांध्यावरून फिरवायचात आणि विचारायचात, “लागतंय का वारं?” मी आठ वर्षांची आहे, डोळे मिटून उभी आहे, आणि खूप वेळाने सांगते, “न्हाई, आबा.” तुम्ही म्हणता, “मग झालं. आता तीन साल बघाया नगं. वारं शिरलं की हळद गेली.” माळ्यावर गुडघ्यांवर बसून मी एकेका फटीवरून तसाच तळहात फिरवत होते. पुस्तकांतली समीकरणं मला नंतर आठवली, तुमचा हात आधी आठवला.

काम इतकं चांगलं जमलं की मला थांबवेना. मी खिडक्यांच्या चौकटींना नमद्याच्या, म्हणजे जाड लोकरी कापडाच्या, पट्ट्या लावल्या. दाराखाली कापडाची गुंडाळी ठेवली. स्वयंपाकघराच्या भिंतीत, जमिनीलगत, वीतभर लोखंडी जाळी होती आणि तिच्यातून बर्फासारखा वारा यायचा. ही कोणत्या मूर्खाने ठेवली, असं म्हणत मी तीही लोकर कोंबून बंद केली. आजींनी पाहिलं आणि म्हणाल्या, “माझ्या सासऱ्यांनी ठेवली होती. का ते मला कधी कळलं नाही.” आम्ही दोघी हसलो. दुसऱ्या दिवशी त्या कोटाशिवाय वावरत होत्या. कुंपणापलीकडच्या शेजारणीला हाक मारून त्यांनी ऐकवलं, “माझ्या नवऱ्याला तीस वर्षांत जमलं नाही ते हिंदुस्थानातल्या पोरीनं चार दिवसांत केलं.” शेजारीण म्हणाली, “हो, पण तुझ्या नवऱ्याला बिअरही प्यायची असायची ना!”

मग आजींचं डोकं दुखायला लागलं. इथे डोकं दुखलं की सगळे फ्योनला दोष देतात. तो डोंगरांवरून येणारा कोरडा, उबदार वारा आहे. आजीही म्हणाल्या, फ्योन असेल. दुसऱ्या दिवशी त्या जेवल्या नाहीत, म्हणाल्या, मळमळतं आहे. गाल मात्र छान गुलाबी दिसत होते आणि मला वाटलं, उबेने रंग आला. मी, आबा, जिने ह्या विषयात पदव्या घेतल्या. तिसऱ्या दिवशी शनिवार होता, मी दुपारपर्यंत माळ्याच्या टोकाला असलेल्या माझ्या खोलीत लिहीत बसले. डाळ शिजवावी म्हणून खाली आले तर आजी बाकावर कलंडल्या होत्या. हातातली सुरी खाली पडलेली, सोललेला बटाटा मांडीवर. मी हाक मारली, त्यांनी डोळे उघडले आणि मिटले. शेगडीचा धूर बाहेर नेणाऱ्या नळीतली झडप, कोळसा हळू जळावा म्हणून, त्यांनी नेहमीसारखी जवळजवळ बंद केलेली होती. नेहमी घर फटींचं होतं, म्हणून ते चालून जायचं.

मी त्यांना काखेत धरून ओढत अंगणात नेलं, बर्फात आडवं केलं, शाल टाकली, गालांवर चापट्या मारल्या आणि मराठीतच ओरडत राहिले. काय ओरडले ते मला आठवत नाही. शेजारीण धावली, तिचा जावई सायकलवर डॉक्टरांकडे गेला. डॉक्टर येईपर्यंत आजी ओकल्या आणि रागाने म्हणाल्या, “बर्फात का झोपवलंस मला?” मी तिथेच बसून रडले. डॉक्टर म्हणाले, कोळशाचा विषारी वायू चढलाय, गालांची ही लाली त्याचीच, आणखी अर्धा तास गेला असता तर मला बोलावून उपयोग नव्हता.

दुसऱ्या दिवशी, रविवार असूनही, डॉक्टरांच्या सांगण्यावरून धुराडी साफ करणारा माणूस आला. काळे कपडे, काळी टोपी. इथे त्याला पाहणं शुभ मानतात. त्याने घर फिरून पाहिलं, माळ्यावर चढला, उतरला आणि माझ्यासमोर उभा राहिला.

“तर मग, फ्रॉयलाइन डॉक्टर. हे तुम्ही केलंत?”

“मी अजून डॉक्टर नाही,” मी म्हटलं.

“देवाची कृपा.” मग आजींकडे वळून, “आणि तुम्ही! बाहेर उणे पंधरा, आणि म्हणे फ्योन!”

त्याने शेगडी पेटवली, मेणबत्तीचा एक तुकडा लावला आणि शेगडीच्या दारासमोर धरला. ज्योत आत ओढली जायला हवी. ती आमच्याकडे वाकली. त्याने जाळीतली माझी लोकर उपटून काढली. ज्योत थरथरली, सरळ झाली आणि शेगडीकडे झुकली. “आगीला हवा लागते,” तो म्हणाला, आता आवाज खाली आणून. “तुम्ही माळा उत्तम बंद केलाय. इतकं नीट काम मी पाहिलं नाही. पण बंद करणाऱ्यानं आधी आत कोण श्वास घेतंय ते बघायचं असतं.”

ती वाकलेली ज्योत पाहिली आणि मला तुमचा कंदील आठवला. कारण तुम्ही हेही शिकवलं होतं. फरशी उघडली की त्या दिवशी कोणी उतरायचं नाही. बंद पेवात हळद आतली हवा खाते. दुसऱ्या दिवशी दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. “कंदील जळला तर मानूस उतरंल. इझला तर बसायचं तंबाखू मळत.” किती वेळा सांगितलंत. शेगडीतल्या विषारी वायूत कंदील विझत नाही, जळतच राहतो, हे मला माहीत आहे, पण म्हणून मी निर्दोष ठरत नाही. तुम्ही दोन गोष्टी शिकवल्या होत्या, बंद करायची आणि उघडायची. मी एकच घेऊन आले.

आजी आता बऱ्या आहेत. जाळी उघडी आहे, झडपेला त्या माणसाने असं भोक पाडलं आहे की ती कधी पूर्ण बंद होणार नाही. मी म्हटलं, मी सगळी लोकर काढून टाकते. आजींनी टेबलावर हात आपटला. “गेनाऊ, अगदी बरोबर, आणि मी पुन्हा कोट घालून बटाटे सोलू? माळा राहू दे.” मग माझा हात धरून म्हणाल्या, “तू माझ्यासाठी केलंस, पोरी. मला माहीत नाही का?” त्यांनी माफ केलं, आबा, इतक्या सहज, बशीतला केक पुढे सरकवता सरकवता. मी ती बशी तशीच परत सरकवली.

कारण तुम्ही गेलात त्या दिवशी पेवात का उतरलात, हे मला माहीत आहे. गावात कोणाला कळलं नाही. पंचवीस वर्षं पेवांवर काढलेला माणूस, इतरांना दटावणारा, सकाळी फरशी उघडतो आणि दुपारीच कंदील न सोडता आत उतरतो, असं कसं झालं, असं सगळे विचारत होते. पेवावरच्या तुमच्या जोडीदाराने ओसरीवर बसून सांगितलं, “मी म्हनलं उद्या उतरू. तर म्हनला, न्हाई, हे येवढं आटपतो, मला येळेत नदीवर जायचंय. नदीवर काय काम हुतं, कुनाला ठावं.” मी दाराआड उभी होते. मला ठाऊक होतं.

त्या दिवशी चार वाजता शाळेत माझं बक्षीस होतं. सकाळी तुम्ही भाकरी बांधून घेत होता आणि मी म्हटलं, “आबा, तुम्ही या, पण नदीवर जाऊन हात घासून या. मुली हसतात.” तुमचे हात मनगटापर्यंत पिवळे असायचे, नखांच्या कडांना तर केशरी. तुम्ही ते वरखाली करून पाहिले आणि हसलात. “आगं, हळद हाय ती. लोक लग्नात हौसेनं लावून घेत्यात.” मी हसले नाही. मग तुम्ही म्हणालात, “बरं बरं. वाळूनं घासतो. सायबावानी येतो बघ.” वाळूने घासायला वेळ लागतो. तेवढा वेळ काढायला तुम्ही घाई केलीत. मी बक्षीस घेऊन दारातल्या गर्दीत स्वच्छ हातांचा माणूस शोधत होते, तेव्हा तुम्हाला दोरीने वर काढत होते. आणि हात तसेच पिवळे होते; मी घरी आले तेव्हा आई ते धरून बसली होती.

मी ह्यानंतर खूप शिकले. तुमच्यासाठी शिकले असं सगळ्यांना सांगते आणि ते खोटंही नाही. आजींनी मला परवा विचारलं, तुझे वडील काय करायचे? मी त्यांना पेवाचं तोंड, पोट, पाचट, चिखल, कंदील, सगळं सांगितलं, टेबलावर पिठाने चित्र काढून दाखवलं. त्या म्हणाल्या, “म्हणजे तेही इंजिनिअरच.” मी हो म्हटलं. ते गेले कसे, हे त्यांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, कामावर असताना, आणि चहा ठेवायला उठले.

आईचं पत्र ह्याच आठवड्यात आलं. तिला लिहिता येत नाही, मास्तरांच्या मुलीकडून लिहून घेते. तुमचं श्राद्ध झालं, कावळा लगेच शिवला, असं कळवलं आहे. आणि खाली दरवर्षी येतं ते वाक्य, ‘त्या दिवशी त्यांना नदीवर काय काम होतं, देवाला माहीत.’ तुम्हाला लिहिलेलं हे पत्र मी वहीतच ठेवणार आहे. आईला मात्र आज उत्तर टाकून आले. थंडी कमी झाली आहे, मी वेळेवर जेवते, घरमालकीण आजारी होत्या त्या बऱ्या आहेत, उदबत्त्या संपल्या, आणखी पाठव, असं लिहिलं. नदीबद्दल काही लिहिलं नाही.