खडे चिकटवायचा डिंक

माय,

आज मी एका बाईला रागावले. कामरेजहून आली होती, नवऱ्याला घेऊन, दोन रिक्षा बदलून. नवऱ्याच्या आतड्याचं ऑपरेशन झालंय, आतड्याचं तोंड पोटावर काढलंय आणि त्यावर पिशवी लावावी लागते. अप्पांना होती तशीच. पिशवी गळायला लागली म्हणून बाईने ती पार्सलच्या टेपने चिकटवली होती. टेप काढली तर भोवतालची कातडी सोलवटलेली. "पार्सल करून टाकलं मला, सिस्टर," नवरा म्हणाला, "पत्ता तेवढा लिहायचा राह्यला." मी हसले नाही. "हे असं करायला कोणी सांगितलं तुम्हाला?" असं तिला जरा जोरातच विचारलं. ती म्हणाली, "सांगनारं कोनी असतं, ताई, तर हे केलं असतं का?"

मग मी हातमोजे बदलले आणि तिला पिशवीच्या भोकाचं माप घ्यायला शिकवलं.

आपली पर्वत पाटियाजवळची खोली मला अजून नीट दिसते. तू दारात उजेडाला बसली आहेस, मांडीवर साडी, डब्याच्या झाकणात खडे, बोटात डिंकाची नळी. दिवसाला किती साड्या संपतात यावर तुझं बोलणं-न बोलणं ठरतं. अप्पा कापडाच्या लूमवरून रजेवर, खाटेवर. त्यांचं ऑपरेशन सरकारी दवाखान्यात झालं होतं, आणि चांगलं झालं होतं. डॉक्टर चांगले, टाके चांगले. घरी सोडताना चार पिशव्या हातात दिल्या आणि पुढच्या माणसाला हाक मारली. तिसऱ्या दिवशी पिशवी गळायला लागली. तू ती धुतलीस, वाळवलीस आणि साडीवर खडे चिकटवायचा डिंक लावून पुन्हा बसवलीस. दोन दिवसांत पोट भाजल्यासारखं लाल झालं. "मन्हा पोटले साडी समजनी का वं?" अप्पा ओरडले. ही अक्कल कोणाची, असं त्यांनी विचारलं. तू म्हणालीस, "मन्हीच."

पुढे त्याचा किस्सा झाला. ऑपरेशन करून आतडं परत आत घातल्यावर, दुखणं विसरल्यावर, प्रत्येक लग्नात अप्पा तो सांगायचे. "खडे लावायचे तेवढे बाकी ठेवले होते हिने." मामा, काका सगळे हसायचे. तू पदर सारखा करत तोंडातल्या तोंडात हसायचीस.

पोट लाल झालं तेव्हा, फक्त या पिशव्यांचंच काम शिकलेली एक नर्स आहे असं कोणीतरी सांगितलं, पण ती तापीपलीकडच्या खासगी दवाखान्यात. काउंटरवरच्या मुलीने दोनदा परत पाठवलं, "ते आमच्याच पेशंटसाठी आहे." तिसऱ्यांदा आपण आत गेलोच नाही. मागच्या जिन्यावर उभे राहिलो. ती नर्स डबा खायला खाली आली तेव्हा तू तिच्या वाटेत पायरीवर बसलीस आणि स्वतःच्या पोटावर हात ठेवून कुठे काय होतंय ते दाखवलंस. तीही बसली. डब्याचा कागद घेऊन तिने भोक कापून दाखवलं. आतड्याच्या तोंडाभोवती तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढी जागा, जास्त नाही. साधं पाणी, मग कोरडं करायचं, तेल नाही, पावडर नाही. पाच मिनिटं लागली असतील. "बस, इतलंच?" तू जिन्यावरच म्हणालीस. आनंदाने म्हणाली नव्हतीस. दहा दिवसांत अप्पांची कातडी बरी झाली.

ती पाच मिनिटं आता मी दर बुधवारी सरकारी दवाखान्यात शिकवते. तेवढंच माझं काम, असं म्हटलं तरी चालेल. पण बुधवारी येणाऱ्याला दिवसाचा रोज बुडवावा लागतो, कामरेजहून यायचं तर आख्खा दिवस जातो. म्हणून महिन्यातले दोन बुधवार मला पर्वत पाटियाच्या आरोग्य केंद्रावर बसू द्या, असा अर्ज मी केला होता. दवाखान्याचे साहेब म्हणाले, "सिस्टर, दर्दी तो आवे ज छे ने?" पेशंट तर येतातच ना, असं. मी म्हटलं, "येतात ते दिसतात, साहेब. न येणारे कसे दिसणार?" ते म्हणाले, एखादं उदाहरण घालून लिहा, असं कोरडं वरती कोणी वाचत नाही.

आज दुपारी, ती कामरेजची बाई गेल्यावर, मी ते लिहिलं. तिचं नाही, आपलं. एका अडाणी बाईने अज्ञानातून नवऱ्याच्या पोटाला साडीचा डिंक लावला, असं लिहिलं. साहेबांनी तो भाग दोनदा वाचला, जीभ चुकचुकवली आणि सही केली. पुढच्या महिन्यापासून मी आपल्या जुन्या खोलीपासून चालत जाता येईल अशा ठिकाणी बसेन.

अर्ज फाइलमध्ये गेला. हे पत्र कुठे जायचं नाही, टेबलाच्या खणात मापाच्या कागदांखाली राहील. म्हणून इथे लिहिते. डिंकाच्या नळीवर इंग्रजी होतं आणि तुला ते वाचता येत नव्हतं. म्हणून तू लावण्याआधी नळी माझ्याकडे दिली होतीस. मी बारावी सायन्सला होते. मी वाचलं, पाण्याने निघत नाही असं तुला सांगितलं, आणि लाव, काही होत नाही, असंही मीच म्हणाले होते.