लीड्समधली येळवस

वहिनी,

लीड्सहून वर्षाचा नमस्कार.

आधी तक्रार. या देशात अंबील आंबत नाही. तीन दिवस पातेलं हीटरला टेकवून ठेवलं, तरी ज्वारीचं पीठ आणि ताक इथल्या माणसांसारखंच सभ्य राहिलं. शेवटी लिंबू पिळलं. पांडवांना सांगू नका.

बाकी सगळं ठीक. वेळ अमावस्येला, भाजी लावायला भाड्यानं घेतलेल्या जमिनीच्या तुकड्यावर येळवस केली. कडबा कुठला मिळतोय, बांबूला चादर बांधून कोप उभारली, आत पाच पांडव म्हणून पाच दगड मांडून पुजले. थंडी इतकी की पांडवांनाही मफलर दिला. मनू म्हणाली, “आई, लोक बघायलेत.” तेरा वर्षांची पोर, पाठ फिरवून उभी राहिली. मला वाटलं, येळवस माझ्यापाशीच संपली.

तेवढ्यात कुत्रं घेऊन एक म्हातारबुवा चालले होते. मी तोंड उघडायच्या आत मनूच फाटकाशी गेली आणि त्यांना म्हणाली, “आज जेवल्याशिवाय जायचं नसतं.” हे मी शिकवलं नव्हतं. गावी आली होती तेव्हा बांधावर उभं राहून वाटसरूंना हाका मारताना तिनं तुम्हाला पाहिलं होतं. म्हातारबुवांनी बेसनात घोटलेली भाज्यांची भज्जी दोनदा मागून घेतली. माझा जीव भांड्यात पडला.

मायचे गुडघे कसे आहेत? यंदाही जेवणाचं टोपलं शेतात तुम्हीच डोक्यावर नेलंत ना?

भज्जी घोटताना माझे हात भरून आले. इतकी वर्षं शेतात आयतं जेवून मी म्हणत आले, ‘वहिनींची भज्जी पातळच.’ ती चांगलीच असायची. एवढं दादासमोर मोठ्यानं वाचा. माझ्या जोडीनं हसायला तोच असायचा.

तुमची,
वर्षा