गुरुवारच्या गोष्टीतली उत्पला

४ जानेवारी १९७९, गुरुवार
नाशिकला येऊन आठवडा होतोय न होतोय तोच नोकरीही लागली! हे ओझरच्या कारखान्यात, मी वाचनालयाच्या बालविभागात. यंदा बालवर्ष, म्हणून दर गुरुवारी सकाळी अंगावर पिणाऱ्या बाळांना आणि त्यांना सांभाळणाऱ्या बायकांना गोष्ट सांगायचं काम माझ्याकडे आलंय. शिपाई यादव हसून विचारत होता, ज्यांना मान धरता येत नाही ती गोष्ट काय धरणार. त्याला म्हटलं, तुम्ही सतरंजी झटका, पुढचं मी बघते. घोटी सोडल्यापासून पहिल्यांदाच मोकळं वाटलं.

११ जानेवारी
बरीच बाळं आली. एकाने पुस्तकाचा कोपरा चावून टाकला, एकीने सतरंजी भिजवली. बायडाबाई म्हणून एक आजी नातीला घेऊन आल्या. आधीची दोन नातवंडं दगावली, म्हणून दृष्ट लागू नये यासाठी हिचं नाव ठेवलंय धोंडी. पोर मात्र लोण्याच्या गोळ्यासारखी आहे.

गोष्टीतल्या मुलीला नाव हवं होतं. तोंडातून 'उत्पला' निघून गेलं. माझी पोर गेल्या वर्षी घोटीला नामकरणाआधीच गेली. हे नाव मी तिच्यासाठी मनात धरलं होतं, ह्यांनाही सांगितलं नव्हतं. आज पहिल्यांदा मोठ्याने उच्चारलं. सगळी बाळं एकदम गप्प झाली आणि दाराकडे बघू लागली. दारात कुणीच नव्हतं.

२५ जानेवारी
आता प्रत्येक गोष्ट उत्पलाचीच. नाव घेतलं की धोंडी आजीची मांडी सोडून रांगत येते आणि माझ्या छातीशी डोकं घासते, अगदी माझ्या पोरीसारखी. बायका कौतुकाने म्हणतात, बाईंनी चांगलाच लळा लावला. इतका आनंद मला कित्येक महिन्यांत झाला नव्हता. गुरुवारची वाट बघत बसते.

८ फेब्रुवारी
बायडाबाई सांगत होत्या, धोंडी म्हणून हाक मारली तर पोर वळून बघत नाही. आईचं दूध तोंडात घेत नाही. गाल पार बसलेत तिचे.

मला भीती वाटली. मुद्दाम उत्पलाला वगळून मांजराची गोष्ट सांगितली. धोंडी रडायला लागली. ते रडणं धोंडीचं नव्हतं. ते मी ओळखते. माझं पोलकं भिजलं. दूध आटून इतके महिने झाले, आणि—

१५ फेब्रुवारी
धोंडी दवाखान्यात आहे. बायडाबाई एकट्याच आल्या. बायका गेल्यावर माझे हात धरून म्हणाल्या, "बाई, तुम्ही जिला हाका मारता ती तुमचीच, ते मला कवाच कळलं. पण आमची एवढी एकच हाय. तुमचीला जायला सांगा."

मी हात सोडवून घेतले. घरी येऊन खूप रडले.

१६ फेब्रुवारी
दवाखान्यात गेले. धोंडीच्या कानाशी गोष्ट सांगितली. उत्पला दुसऱ्यांच्या घरी राहिली होती, आता तिला निघायला हवं. जा बाळा, म्हटलं. जा. तिने माझ्याकडे बघितलं— मग ती नजर राहिलीच नाही. धोंडी भुकेने रडू लागली, आजीकडे हात करू लागली. बायडाबाई माझ्या पाया पडल्या. आणि मी पोटच्या पोरीला हाकलून घरी आले.

१७ फेब्रुवारी
दुपार. हे कामावर.

मागच्या दाराशी रडतेय. सकाळपासून. गेलीच नाही—

दार उघडलं. कुणी नाही. रडणं खाली, माझ्या पायाशी.

जा म्हटलं मी. जाणार कशी? माझी पोर गेली तेव्हा तिला रांगताही येत नव्हतं.

वाकले. हात पसरले. गप्प झाली. किती हलकी—

ह्यांच्या भाकरी झाकून ठेवल्यात. एवढंसं लेकरू एकटं कसं धाडायचं. तिथवर पोचवते. येता आलं तर—