हातात अडकलेला निरोप

आंधळगाव, सोमवार दुपार

प्रिय कुलदीप भाऊजी,

तुम्ही फोनवर दिलेला निरोप अजून माझ्याजवळच आहे. ताईला मी तो सांगितलेला नाही. त्यानंतर तुमचे कॉल येत राहिले, मी उचलले नाहीत आणि रेंज नव्हती असा मेसेज टाकून दिला. रेंज चांगली होती. फोनवर बोलायला लागलो की तुम्ही माझ्याकडून हो म्हणवून घेता आणि मी म्हणून टाकतो, माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून हे पत्र. दहावीनंतर एवढं कधी लिहिलं नाही, तेव्हा भरकटलो तर सांभाळून घ्या. आणि एक गंमत बघा. तोंडानं मी 'मले-तुले' बोलतो, पण पेन हातात आला की 'मला-तुम्हाला' आपोआप येतं. कोणी शिकवलं आठवत नाही. डोक्यात बोलण्याची दोन दारं असावीत आणि कोणतं उघडायचं ते पेनालाच माहीत असावं.

निरोप विसरलेलो नाही. दिवाळीला माहेरी आलेली ताई आता साकोलीला परतेल, तेव्हा तुमच्या लेकीला, परीला, मोहाडीला तुमच्या मोठ्या बहिणीकडे, रिताबाईंकडे ठेवायचं. तिथं घर भरलेलं आहे, पोरीच्या कानावर बोलणं पडेल. तीन-चार वर्षांची होऊन नीट बोलायला लागली की आणायची. तुमच्या आई मागून बोललेल्या मला ऐकू आल्या होत्या, "मुक्या मायपाशी लेकरू मुकंच राह्यते." आणि तुम्ही म्हणालात, "अमर, तूच समजावून दे तिले. तुह्यं आयकते ते." तुमचा आवाज त्या वेळी बारीक झाला होता. तुम्हालाही हे आवडलेलं नाही एवढं मला कळलं, पण आईंना नाही म्हणायचं तेही तुम्ही माझ्यावरच टाकलं की काय, असं नंतर वाटलं.

आत्ता मी ओसरीवर बसलोय. ताई हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून कोशाचं रेशीम विणते आहे. शेजारी गोधडीवर परी सुताची रिकामी कांडी चावते आहे. माग खटखटतो, तिला त्याची सवय झाली आहे. तुमच्या आईंची भीती मी खोटी म्हणत नाही. हीच भीती आमच्या घरात एकदा येऊन गेली आहे, आणि ती माझ्यामुळे आली होती. हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल.

मी झालो तेव्हा ताई पाच वर्षांची होती. आई-बाबा दोघंही दिवसभर मागावर, मला कडेवर घेऊन फिरणारी ताईच. त्यामुळे मी आधी हातानं बोलायला शिकलो. तोंडातून काही निघेना. दोन वर्षं झाली, अडीच झाली, तरी नाही. आई रडायची, "हा बी मुकाच निंगाला वाटते." बाबा मला भंडाऱ्याला दाखवून आले, कान चांगले निघाले. डॉक्टर म्हणाले वाट बघा, शेजारच्या बाया म्हणाल्या पोरीला याच्यापासून दूर ठेवा. आईनं मग ताईला माझ्याजवळ येऊ देणंच बंद केलं. मी खात नव्हतो म्हणे. चार दिवसांत आईनंच हार मानली. पुढं एकदा ताई भुकेली होती आणि आईचं मागावर लक्ष नव्हतं. मी आईचा पदर ओढून म्हटलं, "माय, ताईले भूक लागली." एकदम पूर्ण वाक्य. आईनं विणायचा धोटा हातातून टाकला असं ती अजून सांगते. भाऊजी, माझं पहिलं वाक्यच माझं नव्हतं. ताईनं हातानं म्हटलं ते मी तोंडानं म्हटलं. त्यानंतर माझं तोंड जे सुरू झालं ते तुम्ही आमच्याकडे जेवायला बसता तेव्हा बघताच.

म्हणजे तोपर्यंत मी मुका नव्हतो. बोलत होतो, फक्त बघणारी एकच होती.

ताईचं बोलणं म्हणजे हातवारे, असं सगळ्यांना वाटतं. मलाही वाटायचं की जगात कुठंही गेलो तरी ते चालेल. ट्रकवर क्लीनर म्हणून विशाखापट्टणमला गेलो होतो ना, तेव्हा ढाब्यावरच्या आचाऱ्याला तेलुगूशिवाय काही येत नव्हतं. मी ताईच्या हातांनी बोलायला लागलो. पाणी, भाकर, झोप, एवढं त्याला कळलं. मग 'काल आम्ही इथंच जेवलो' असं सांगायला गेलो. आमच्यात 'काल' म्हणजे पोटाजवळ हात गुंडाळायचा. विणलेलं कापड मागावर पोटाजवळच्या रुळावर गुंडाळत जातं, आणि न विणलेला ताणा, म्हणजे उभे धागे, समोर लांब पसरलेला असतो. म्हणून झालेलं सगळं पोटाशी, व्हायचं ते समोर. ताईनं हे कधी ठरवलं, मी ठरवलं की दोघांनी, कोणालाच आठवत नाही. आचारी मात्र आत गेला आणि ओवा घेऊन आला. त्याला वाटलं माझं पोट दुखतंय. तो ओवा चावता चावता मला कळलं की हा तमाशा नाही, ही भाषा आहे. बाहेरच्याला न कळणारी, हाच तिचा पुरावा. आणि ती बोलणारे सगळ्या दुनियेत आम्ही दोघंच.

आता तुम्ही म्हणाल ओव्याची गोष्ट कशाला. सांगतो. बाबांचं नाव आमच्यात मिशीवरून बोट फिरवायचं असं आहे. आजोबा गेले तेव्हा बाबांनी मिशी काढली ती पुन्हा ठेवलीच नाही, पण नाव तेच राहिलं. परीला ते आता कळतं, आणि तिनं मिशी पाहिलेलीच नाही. तुमचंही नाव आहे. कानाच्या मागं बोट फिरवायचं. तुम्ही पहिल्यांदा आमच्याकडे आलात तेव्हा आमचा बिघडलेला मोबाईल उघडून बसला होतात, आणि स्क्रूड्रायव्हर कानामागं खोचला होता. तेव्हापासून तेच नाव. दिवसातून कितीदा तरी ती ते घेते. तुम्हाला वाटत असेल तिला कानामागं खाज येते. लग्नाला दोन वर्षं होऊन गेली आणि तुमचं नाव तुम्हाला माहीत नाही, यात चूक तुमची नाही. मी मधे उभा होतो. तुम्ही मला बघायचात, ती मला बघायची.

लग्नानंतर लवकरच तुम्ही घाबरून फोन केला होता, आठवतं का? ताई दुपारी झोपली होती आणि तिची बोटं थरथरत होती. "मिरगी तं नाही ना बे हे?" असं तुम्ही विचारलं आणि मी हसलो होतो. ती झोपेत पुटपुटत होती. स्वप्नात कोणाशी तरी बोलत असणार. मला ते लहानपणापासून माहीत, पण तुम्ही विचारल्यावर पहिल्यांदा मी त्याचा विचार केला. तिच्या कानात कधी एक अक्षर गेलं नाही, तरी तिच्या आत बोलणं चालूच असतं. म्हणजे बोलणं कानात नसतं, जिभेतही नसतं. कुठंतरी त्याच्या मागं असतं आणि बाहेर यायला मिळेल ती वाट धरतं. साडीच्या करवती काठाला तीन धोटे लागतात, एकट्याला ते जमत नाही. ताई विणायची, पलीकडून धोटा परत देणारा म्हणून मी बसायचो. दोघांचेही हात अडकलेले, तेव्हा आम्ही भुवयांनी आणि हनुवटीनं बोलायचो. भांडायचोसुद्धा. आई-बाबांना मागाच्या आवाजात एकमेकांचं ऐकू यायचं नाही, आमचं कधी थांबलं नाही. मला तर कित्येक गोष्टी आठवतात, पण त्या कोणी तोंडानं सांगितल्या की ताईनं हातानं, ते आठवत नाही. आजोबा गेल्याचं मला कोणी सांगितलं? फक्त कळलेलं राहतं. मी तुम्हाला तिचं सांगतो तेव्हाही आधी कळतं, मग मराठी शोधायला लागते. कधी सापडत नाही, तेव्हा मी काहीतरी जवळचं ठोकून देतो. तुम्ही आजवर जी ताई ऐकली ती थोडी माझ्यासारखीच बोलत असणार. ती माझ्यापेक्षा पुष्कळ कमी बोलते, आणि नेमकं बोलते.

आता परीचं. ती माझ्या आईच्या मांडीवर असली की "बा-बा-बा" करते, सगळी लेकरं करतात तसं. ताईकडे वळली की तोंड बंद होतं आणि हात चालू होतात. बोटं उघड, बोटं मीट, मनगट फिरव. त्याला अजून अर्थ नाही, "बा-बा-बा"लाही नाही. पण कोणाशी कशानं बोलायचं हे त्या पोरीनं वर्षाची व्हायच्या आधीच ओळखलं आहे. आईनंच मला दाखवलं. जी आई एकदा ताईला माझ्यापासून तोडायला निघाली होती ती म्हणाली, "हे तं दोन्हीकडूनच बोलून राहिली रे." आणि मग बराच वेळ ती मागावर गेली नाही.

परीला मोहाडीला नेलं तर ती बोलेल, लवकर बोलेल, त्यात शंका नाही. तुमच्या आई खूश होतील. पण चार वर्षांची होऊन ती साकोलीला येईल तेव्हा तिला समोर एक बाई दिसेल, कानामागं बोट फिरवणारी, पोटाशी हात गुंडाळणारी. पोरगी तुमच्याकडे बघून विचारेल, हे काय म्हणून राहिली. आणि तुम्ही मला फोन कराल. ही भीती तुमच्या आईंच्या भीतीपेक्षा लहान आहे का, ते तुम्ही ठरवा. ताईजवळ राहिली तर उशिरा बोलेल कदाचित. मीही उशिरा बोललो. आजी आहे, तुम्ही आहात, तुमच्या दुकानात येणारी गिऱ्हाइकं आहेत, तोंडाच्या बोलण्याला साकोलीत तोटा नाही. हाताच्या बोलण्याला सगळ्या जगात एकच घर आहे.

आता खरं सांगायचं राहिलं आहे. वर मी लिहिलं की ताईला निरोप सांगितला नाही. ते खरं आहे, पण तिला तो कळला आहे. काल मी घरामागं धानाच्या तणसाच्या ढिगाआड उभा राहून हातानं सांगून बघत होतो, कसं म्हटलं तर कमी लागेल ते. परी, मोहाडी, रिताबाई, ठेवायची, पुढं पुढं लांब. तुम्ही असं काही तोंडात पुटपुटलं असतं तर कोणाला कळलं नसतं. आमच्यात पुटपुटता येत नाही. ताई कपडे वाळत घालायला आली होती, पोर कडेवर. तिनं सगळं पाहिलं. रडली नाही. तिनं विचारलं, हे कोणाचं बोलणं? मी तुमचं नाव घेतलं. मग तिनं परी माझ्या हातात दिली, तिचे हात मोकळे हवे होते म्हणून, आणि माझे बांधलेले. ती खूप वेळ बोलली. त्यातलं तुम्हाला सांगायचं म्हणून तिनं एवढंच दिलं आहे: ज्याचं बोलणं आहे त्यानं यावं, समोर बसावं, जसं येईल तसं आपल्या हातानं सांगावं, चुकलं तरी चालेल, अमर मधे नको. म्हणून हे पत्र, आणि हे मी मधे असण्याचं शेवटचं. येत्या रविवारी मी रायपूरच्या गाडीवर जातो आहे. फोन लागेल, पण त्यावर मी ताईचं काही सांगणार नाही. तुम्ही रविवारी या, एकटे या. तुमच्या निरोपाचं उत्तर तिनं काल दिलं आहे. मी ते पाहिलं आहे. ते मी तुम्हाला सांगणार नाही.

तुमचाच,
अमर