पहारेकऱ्याला कुंपण

प्रिय पेन्सिल,

हे नाव वाचून कपाळाला आठी पडली असेल तर पडू दे. अंबाड्यात पेन्सिल खोचून तू आमच्या सर्व्हरच्या खोलीत दोन वर्षं वावरलीस, आणि अजूनही हॉस्पिटलात कुणी तुझी चौकशी केली तर याच नावाने करतं. तीन वर्षांनी मामाचं पत्र, तेही हाताने लिहिलेलं, म्हणजे कुणीतरी गेलं असणार असं मनात आणू नकोस. सगळे जागच्या जागी आहेत. माझं ब्लडप्रेशर तेवढं जागेवर नाही, पण त्याला बरीच वर्षं झाली. तुझ्या आईचा मागच्या आठवड्यात फोन आला होता. ताई एरवी माझ्याशी बोलताना तुझा विषय अलगद बाजूला ठेवते, पण त्या दिवशी तिला राहवलं नाही. म्हणाली, तुला त्या मोठ्या डेटा सेंटरमधून बोलावणं आलंय आणि तू अर्ज मागे घेणार आहेस. का, तर त्यांच्या फॉर्मवर विचारलंय की चौकशी होऊन आधीची नोकरी सोडावी लागली होती का. खोटं लिहायचं नाही आणि खरं लिहिलं तर कुणी घेणार नाही, म्हणून नकोच. महिनाअखेरीपर्यंत मुदत आहे म्हणे. तर पहिलं काम, तो अर्ज मागे घेऊ नकोस. कारण सांगतो, पण माझ्या पद्धतीने, म्हणजे आधी मशीन आणि मग माणसं. तुला सवय आहे.

आपला पहारेकरी तुला आठवत असेलच. तरी सगळं पहिल्यापासून लिहितो, कारण हे पत्र तुझ्याखेरीज आणखी कुणाच्या हातात गेलं तर त्यालाही कळायला हवं. पहारेकरी म्हणजे मी पंधरा वर्षांपूर्वी लिहिलेला प्रोग्राम. दर मिनिटाला हॉस्पिटलच्या सगळ्या सर्व्हरवर तो चक्कर मारतो. डिस्कवर जागा किती उरली, मेमरी किती भरली, कोणकोणते प्रोग्राम चालू आहेत हे बघतो, आणि भिंतीवरच्या स्क्रीनवर हिरवे-लाल चौकोन दाखवतो. लिहिताना मी त्याला रूटचे अधिकार देऊन टाकले होते, म्हणजे मशीनमधल्या कुठल्याही दाराची किल्ली. तेव्हा मला वाटायचं, ज्याला पहारा द्यायचाय त्याला दारं बंद कशाला? मला त्याचा फार अभिमान होता. मामी म्हणायची, एवढं कौतुक स्वतःच्या मुलांचं केलं असतंत तर ती डोक्यावर बसली असती.

दोन महिन्यांपूर्वी सुरक्षेच्या ऑडिटला एक बाई आल्या. तुझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील, बोलणं अगदी मोजकं. स्क्रीनसमोर उभ्या राहून त्यांनी विचारलं, हा तुमचा प्रोग्राम नक्की काय काय वाचतो? मी छाती फुगवून म्हणालो, सगळं! त्यांनी मान हलवली आणि वहीत लिहून घेतलं. मला वाटलं, शाबासकी लिहिली. पंधरा दिवसांनी अहवाल आला, तर त्यात पहिल्याच क्रमांकाच्या दोषासमोर माझा पहारेकरी. त्याला सक्तीच्या नियमांचं कुंपण घाला, असा शेरा होता. हाच शब्द तू चार वर्षांपूर्वी वापरला होतास, कुंपण. तेव्हा मी काय म्हणालो होतो तेही मला आठवतं. 'कुत्र्याला बांधून ठेवतात, पहारेकऱ्याला नाही.' सगळे हसले होते, तू सोडून.

आता वरून हुकूमच आल्यावर बसलो लिहायला. या वयात नवीन शिकायचं म्हणजे चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधण्यातला प्रकार. कुंपण म्हणजे एक साधी फाईल. हा प्रोग्राम या या फायली वाचेल, फक्त या एका ठिकाणी लिहील, नेटवर्कवर या एकाच पत्त्याशी बोलेल. जे लिहिलं नाही ते बंद. आणि हे नियम ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभाच पाळून घेतो. प्रोग्राम रूट असो नाहीतर त्याचा बाप असो, नियमात नाही तर नाही. मी पहिल्या दिवशी जोशात इतकं आवळून लिहिलं आणि थेट लागू केलं की पहारेकऱ्याला डिस्ककडे बघायचीही मनाई झाली. दोन मिनिटांत भिंतीवरचे चौसष्टच्या चौसष्ट चौकोन लाल! लॅबच्या डॉक्टरीणबाई हातमोजे न काढताच धावत आल्या आणि म्हणाल्या, 'अहो, सगळंच बंद पडलं का?' मी म्हणालो, काहीही बंद पडलेलं नाही, फक्त सांगणारा आंधळा झालाय. त्यांना ते पटलेलं दिसलं नाही.

मग मुकाट्याने तू तेव्हा सुचवलेली पद्धत धरली. कुंपण लिहायचं, पण लगेच अडवायचं नाही. जिथे जिथे अडवलं असतं तिथे फक्त नोंद करायची. तशा नोंदी महिनाभर गोळा केल्या, कारण काही कामं आठवड्यातून एकदाच होतात आणि काही महिन्यातून. रोज सकाळी चहा घेऊन मी त्या वाचायचो. अमुक फाईल मागितली, बरोबर आहे, नियमात घाला. तमुक मागितली, कशाला रे बाबा? एका ओळीपाशी मात्र मी अडलो. चालू असलेला प्रत्येक प्रोग्राम कोणत्या हुकमाने, म्हणजे कमांडने, सुरू झाला, ती अख्खी ओळ पहारेकरी दर मिनिटाला वाचत होता. हे मीच लिहिलं होतं आणि साफ विसरलो होतो. वाचून त्या ओळींचं तो करतो काय, म्हणून त्याचा फोल्डर उघडला. ओळी जशाच्या तशा फाईलमध्ये उतरवत होता. ती फाईल कुणालाही वाचता येत होती, आणि भिंतीवरच्या स्क्रीनचं पान हॉस्पिटलातल्या कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडून चौकोनावर दोनदा क्लिक केलं की ती समोर यायची. आणि दर रविवारी दुपारी बारा वाजता लॅबच्या सगळ्या रिपोर्टांची नक्कल काढणारा प्रोग्राम सुरू व्हायचा. त्याचा हुकूमही माझाच. त्या हुकमातच, त्याच ओळीत, लॅबचा पासवर्ड उघडा लिहिलेला होता.

तू आता खुर्चीत सरळ झाली असशील. मीही झालो होतो. जुन्या फायली मी टाकत नाही हे तुला माहीत आहे, त्यावरून तू मला किती चिडवायचीस. त्या उघडत उघडत तीन वर्षं मागे गेलो. दुसऱ्या मजल्यावरच्या सिस्टरचा रक्ताचा रिपोर्ट कुणीतरी त्या पासवर्डने उघडून पाहिला, आणि तिच्या घरच्यांच्या आधी तिचा आजार कँटीनमध्ये पोचला. त्या दिवसाच्या आधी तीन रविवार पासवर्ड त्या पानावर होता. नंतरही होता. झाडूवाल्यापासून डीनपर्यंत कुणीही तो वाचू शकलं असतं. रिपोर्ट कुणी उघडला ते आता कळायची सोय नाही. पण चौकशीत तुझ्याविरुद्ध जे एकमेव होतं, की पासवर्ड फक्त मामा-भाचीलाच माहीत होता, ते खोटं होतं.

चौकशीच्या त्या खोलीतलं सगळं तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल. लांब टेबल, पलीकडे डीन, प्रशासक आणि मी. मी तुझ्या बाजूला बसायला हवं होतं. त्यांनी मला विचारलं, तुम्ही दोघं सोडून आणखी कुणाला हा पासवर्ड मिळू शकला असता का? तू तेव्हा म्हणालीस, 'पहारेकरी काय काय वाचतो ते एकदा तपासून बघू या का?' आणि मी तुझ्याकडे न बघता म्हणालो, तो मी लिहिलाय, मला ठाऊक आहे, तसं काही होत नाही. तपासलं नव्हतं गं. एकदाही नाही. तपासायला अर्धा तास लागला असता. भाचीला नोकरीला चिकटवलं आणि आता पाठीशी घालतोय असं कुणी म्हणू नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं. परकी कुणी असती तर मी तिच्यासाठी तो अर्धा तास नक्की दिला असता. तू सख्खी होतीस म्हणून दिला नाही. हे लिहिताना लाज वाटते, आणि वाटायलाच हवी. त्या सिस्टरचाही मी अपराधी आहे. ती तुझी मैत्रीण होती, आणि तिलाही मी गुन्हेगार म्हणून चुकीचं नाव सांगितलं.

यापुढचं लिहायला जड जातंय. ती ओळ मला सापडली त्याला आज नऊ दिवस झाले. नऊ दिवस मी कुणाला काहीही बोललो नाही. कुंपण तयार होतं. ते लागू केलं की पहारेकऱ्याला त्या ओळी वाचताच येणार नव्हत्या. जुन्या फायली आता ऑडिटच्या नियमाप्रमाणे पुसायच्याच होत्या. ऑडिटचा दोष निघाला असता, मला वर चार चांगले शब्द मिळाले असते, आणि पाच महिन्यांनी निवृत्तीचा हार घालून घरी. कुणाला कधीही कळलं नसतं. मी मनातल्या मनात किती पळवाटा काढल्या असतील याचा नेम नाही. तू आता दुसऱ्या गावी रुळली असशील, शाळेत कॉम्प्युटर शिकवतेस तर ते तुला आवडतही असेल, जुनं उकरून तुलाच त्रास होईल. बघ, तुझ्याच भल्याचं कारण पुढे करत होतो. तिसऱ्या दिवशी तर पुसायचा हुकूमही टाइप केला आणि बोट उचलून बाहेर फेऱ्या मारून आलो. आणि चौथ्या दिवशी ताईचा तो फोन आला, तुझ्या अर्जाबद्दल. त्यानंतरही मी पाच दिवस घालवले, हे तुझ्यापासून लपवत नाही.

मामीने मात्र ओळखलं. काल सकाळी कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, 'अहो, पोरीचं काहीतरी कळलंय ना तुम्हाला?' मी विचारलं, कशावरून? तर म्हणे, 'आठवडाभर तिच्या फोटोसमोरून जाताना मान खाली घालताय, एरवी पुसून जाता.' मग मी सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, हातातला शर्ट खाली ठेवला आणि एवढंच म्हणाली, 'मग बसलाय कशाला?' त्यानंतर माझ्याशी बोललेली नाही. जेवायला वाढलं, पण बोलली नाही.

आज दुपारी तीन वाजता मी डीन आणि प्रशासकांची वेळ घेतली आहे. खोली तीच आहे. आत्ता अकरा वाजलेत. पेन्सिल, मला माझा भरवसा नाही. त्या टेबलासमोर माझी जीभ एकदा फिरली आहे. आतून बोलावणं आलं, कुणी पाणी विचारलं, तुमची इतकी वर्षांची सेवा वगैरे सुरू झालं, की मी पुन्हा काहीतरी गुळमुळीत बोलून बाहेर येईन अशी मला भीती वाटते. म्हणून हे पत्र आधी तुझ्याकडे येतंय. सोबत तीन रविवारच्या नोंदींचे छापील कागद आहेत, तारखांसकट, प्रत्येक पानावर माझी सही. पासवर्ड काळ्या पेनने खोडला आहे, बाकी एक अक्षरही बदललेलं नाही. मूळ फायलींची प्रत मी ऑडिटच्या बाईंना सकाळीच पाठवली आहे, म्हणजे आता मी इथल्या पुसल्या तरी काही लपणार नाही. चौकशीत मी न तपासता उत्तर दिलं आणि त्यामुळे तुझ्यावर आळ आला, हे मी इथे माझ्या हाताने लिहून देतो आहे. आत जाऊन मी नीट बोललो तर महिनाअखेरीआधी हॉस्पिटलचं पत्र तुला येईल आणि तो फॉर्म तू बिनघोर भरशील. नाही बोललो, तर हे कागद घेऊन तू स्वतः त्यांच्यासमोर उभी राहा आणि माझी गय करू नकोस. टपाल कचेरी हॉस्पिटलच्या वाटेवरच आहे. पत्र रजिस्टर करून, पावती खिशात टाकूनच मी आत जाईन.

तुझाच,
मामा